आक्काच्या मापाचं बाथरूम

माझ्या घरात हॉलला लागून एक लहानसं बाथरूम आहे. चार फूट रुंद, साडेसहा फूट लांब. पाहुण्यांसाठी केलंय, असं मी आता लोकांना सांगते. बांधलं मात्र मी ते एकाच माणसाच्या मापानं. माझ्या थोरल्या बहिणीच्या.

मी सांगलीत विश्रामबागेला राहते. एकटीच. पाटबंधारे खात्यात ट्रेसर म्हणून लागले आणि आरेखक म्हणून निवृत्त झाले. दुसऱ्यांनी ठरवलेले कालवे, मोऱ्या, पोटचाऱ्या कागदावर उतरवणं, हे माझं आयुष्यभराचं काम. लग्न आधी जमलं नाही, मग राहूनच गेलं. आक्का माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी दुसरीत होते. त्यानंतर माझ्या वेण्या, माझा ताप, माझ्या शाळेच्या फ्रॉकची उसवलेली शिवण, सगळं आक्काच बघायची. पुढं तिचं लग्न लोणंदजवळच्या एका गावात, फौजेतल्या माणसाशी झालं. नवरा वर्षातून दोन महिने घरी असायचा. उरलेले दहा महिने ती, सासू-सासरे आणि कांद्याचं शेत. तिला मुलगा एकच. तो इंजिनिअरिंगला सांगलीत आला तेव्हा चार वर्षं माझ्याकडंच राहिला. आता तो सातारला एका कंपनीत आहे, बायको आणि मुलासह तिथंच असतो.

माझ्या निवृत्तीच्या दिवशी ऑफिसात छोटासा समारंभ झाला. आक्का तेव्हा विधवा होऊन सहा वर्षं झाली होती आणि गावाकडं एकटीच राहत होती. ती मुद्दाम आली होती. घरी परतल्यावर हार सोफ्यावर ठेवून आम्ही दोघी चहा घेत बसलो, तेव्हा ती म्हणाली, "आता मी येते बग तुझ्याकडं. शेत दिऊ वाट्यानं. पोराकडं मला गमत न्हाई, सुनेचं नि माझं जमत न्हाई. आपन दोघी ऱ्हाऊ."

मी म्हणाले, "आत्ताच राहा."

"यंदाचा कांदा निघू दे," ती म्हणाली.

कांदा निघाला, पण त्याआधी पावसात ती गोठ्यासमोर घसरून पडली. डाव्या मांडीचं हाड मोडलं. सळई घातली. चालायला लागली, पण डावा गुडघा पुरता वाकेना आणि उकिडवं बसणं कायमचं बंद झालं.

पुढच्या चैत्रात तपासणीसाठी ती माझ्याकडं तीन दिवस आली. माझं घर जुन्या पद्धतीचं. न्हाणीघर आणि संडास मागच्या अंगाला, स्वयंपाकघरातून दोन पायऱ्या उतरून, आणि संडासाचं भांडंही देशी. मी त्यावर ठेवायची भोक असलेली खुर्ची भाड्यानं आणली होती. तेवढं पुरेल असं मला वाटलं. दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्या लक्षात आलं की सकाळी तिच्या उशाशी ठेवलेला पाण्याचा तांब्या तसाच भरलेला आहे. सांगलीतला चैत्र, पंखाही गरम वारा टाकत होता.

"आक्का, पाणी का पीत नाहीस गं?"

"तहान न्हाई."

तिच्या ओठांना भेगा पडल्या होत्या. मी पुन्हा विचारलं, रागावून विचारलं, तेव्हा ती खिडकीकडं बघत म्हणाली, "पानी प्यालं की जावं लागतं. त्या पायऱ्या, ती खुर्ची, ती हलतीया गं. सकाळी एकदा जाऊन येते, मग दिसभर घोटच घेते. गावाकडं बी तसंच करते."

तिच्यापाशी बसले तेव्हा मला रडू आलं नाही, लाज वाटली. बहीण माझ्या घरात तहानलेली बसली होती आणि मी तिला आंब्याचा रस घे म्हणून आग्रह करत होते.

ती गेल्यावर मी अडगळीची खोली रिकामी केली. हॉलच्या कडेला जिन्याच्या बाजूची ती खोली, जिच्यात जुनी मासिकं, मोडकी सायकल आणि माझा ड्रॉइंग बोर्ड पडलेला असायचा. बोर्ड मी डायनिंग टेबलावर मांडला. टी-स्क्वेअर पुसला. चार बाय साडेसहाच्या त्या खोलीत कमोड, बेसिन, अंघोळीची जागा आणि एका अडखळत चालणाऱ्या बाईला वळायला पुरेल इतकी मोकळी जमीन, हे सगळं बसवायचं होतं. बारा किलोमीटरच्या कालव्यापेक्षा ते मला अवघड गेलं. त्यात डाव्या भिंतीच्या मधोमध घराचा एक खांब नऊ इंच बाहेर आलेला. तो मला नकोसा झाला होता. त्याच्याभोवती कपाट करून झाकून टाकावा असं एका नकाशात मी दाखवलंही होतं.

दार बाहेरच्या बाजूला उघडणारं ठेवलं. आत कुणी पडलं तर आत उघडणारं दार त्या माणसालाच अडतं. उंबरा काढूनच टाकला. पाणी हॉलमध्ये येऊ नये म्हणून जमिनीला आतल्या भिंतीकडं ढाळ द्यायचं ठरवलं, खिडकीखालच्या जाळीपर्यंत. एकूण पाच नकाशे झाले. प्रत्येकाच्या कोपऱ्यात ऑफिसच्या सवयीनं मी ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं, 'पाहुण्यांचे स्नानगृह'.

आषाढात आक्का पुन्हा आली. डॉक्टरांची तारीख नव्हती तरी आली. म्हणाली, "फोनवर रोज सांगतीस, एकदा बगते तरी." मला कोण आनंद झाला. मी रिकाम्या खोलीत खडूनं सगळं जमिनीवर आखून ठेवलं होतं. कमोडच्या जागी स्टूल, बेसिनच्या जागी टांगलेली परात. तिला मी आत नेलं आणि म्हटलं, "आता समज तू झोपेतून उठून आलीस. कशी चालशील, कशाला धरशील, तसं कर. मी खुणा करते."

ती हसली. पण केलं तिनं सगळं. आत आली, वळली, स्टुलावर बसली. उठताना तिचा डावा हात आपोआप त्या खांबाकडं गेला आणि तिनं खांद्याचा भार खांबावर टाकला. मग सरळ उभी राहिली. पुन्हा बसली, पुन्हा तशीच उठली.

"ह्यो खांब लय सोयीचा हाय गं," ती म्हणाली. "ह्याला झाकू नको हां. ह्यो असाच ऱ्हाऊ दे."

मी पेन्सिलीनं खुणा केल्या. तिचा तळहात जिथं टेकला तिथं एक, खांदा जिथं टेकला तिथं एक. हँडल कुठं, साबणाचा कोनाडा कुठं, टॉवेल किती उंचीवर, सगळं तिच्या हाताच्या पोचेवरून ठरवलं. खांब आता आडवा येत नव्हता. त्याच्या अलीकडं कमोड, पलीकडं अंघोळीची जागा, आणि दोन्हीकडून त्याला धरता येईल. सगळा नकाशा त्या एका खांबाभोवती जुळून आला. संध्याकाळी मी नवा कागद लावला. आक्का शेजारी बसून बघत होती. कोपऱ्यातलं शीर्षक वाचून म्हणाली, "मी पाव्हनी हाय व्हय?"

मी ते खोडलं आणि लिहिलं, 'आक्काचे स्नानगृह'.

त्या रविवारी तिनं माझ्या डोक्याला तेल लावलं. कितीतरी वर्षांनी. निघताना रिक्षात बसल्यावर तिचे डोळे भरून आले. मला वाटलं, आता आपण कायमच्या एकत्र राहणार म्हणून.

श्रावणात काम सुरू झालं. मिस्त्री कवठे महांकाळकडचे, बोलणं कमी आणि काम नेटकं. माझा नकाशा त्यांनी दोनदा उलटसुलट बघितला आणि म्हणाले, "बाई, मी लय बंगल्यांची बाथरूमं केली. पन मानसाला उभं करून कुनी मापं घेतली न्हाईत." जाळी बंद करून त्यांनी दोन दिवस पाणी साठवून ठेवलं, कुठं झिरपतंय का बघायला. टाइल्स बसल्यावर ढाळ बघायला दाराशी एक तांब्या ओतला. पाणी न थांबता, न पसरता खिडकीखालच्या जाळीत गेलं. ते बघून मी टाळी वाजवली. मिस्त्री पहिल्यांदा हसले.

त्या दिवसांत भाच्याचा फोन आला. सातारला त्यानं प्लॉट घेऊन घर बांधायला काढलं होतं, ते मला माहीत होतं.

"मावशी, तो नकाशा जरा नीट पाठव ना. तू व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलेला फोटो धूसर आहे, मापं वाचता येत नाहीत."

"तुला कशाला रं?"

"आई इतकं सांगते, मला बघायचंय तू काय काय केलंयस ते."

मी कॉलेजजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात जाऊन नकाशा स्कॅन करून घेतला आणि पाठवला. चार वर्षं या पोराच्या जर्नलमधल्या आकृत्या मी रात्री बसून दुरुस्त केल्या होत्या. आता त्याला माझं काम बघावंसं वाटतंय, एवढंच माझ्या मनात आलं. दोन दिवसांनी त्यानं पुन्हा विचारलं, "ते हँडल जमिनीपासून किती उंचीवर? आणि खांब पूर्ण नऊ इंच आहे का?" मी त्याला सविस्तर सांगितलं. कुणी विचारलं की सांगत बसण्याची हौस मला आहेच.

घटस्थापनेच्या आधी बाथरूम पूर्ण झालं. मॅट टाइल, पिस्त्याच्या रंगाची, कारण आक्काला तो रंग आवडतो. स्टीलची दोन हँडलं. आत शिरल्यावर डाव्या हाताला दिव्याचं मोठं बटण. मी फोन केला, "ये आता."

"आलेच," ती म्हणाली. मग दसरा झाला की येते म्हणाली. मग पोरानं सातारला बोलावलंय, बांधकामावर कुणीतरी हवं म्हणून. मग दिवाळी. मग नातवाची परीक्षा. मी नव्या बाथरूममध्ये नवी बादली ठेवली होती, तिच्यावर धूळ बसायची आणि मी ती पुसायची. शेजारीण म्हणाली, "तुम्ही तरी वापरा." मी म्हणाले, "आधी आक्का येऊ दे."

मार्गशीर्षात भाच्याच्या घराची वास्तुशांत होती. मी सुनेसाठी साडी आणि देवघरासाठी तांब्याचा कलश घेतला आणि सकाळच्या एसटीनं सातारला गेले. शहराबाहेरच्या नव्या कॉलनीत टुमदार घर. दारात रांगोळी, आत होमाचा धूर. आक्का नवी कोरी नऊवारी नेसून खुर्चीवर बसली होती. मला बघून हसली, पण नजर लगेच होमाकडं वळवली. पूजेत आहे म्हणून असेल, असं वाटलं.

चार तासांचा प्रवास झाला होता. मी सुनेला विचारलं, "बाथरूम कुठं गं?"

तिच्या हातात ताटं होती. ती सहज म्हणाली, "मावशी, वरचं नको, पायऱ्या आहेत. तुम्ही आईंच्या खोलीतलं वापरा ना. ते समोरचं."

आईंची खोली. मी आत गेले. खाटेवर आक्काची गोधडी होती, गावाकडची. भिंतीवर तिच्या नवऱ्याचा फौजी वेशातला फोटो, हार घातलेला. पाहुणी म्हणून राहणारं माणूस भिंतीला खिळे ठोकत नाही. तरीही मी स्वतःला समजावत होते की लेकाच्या घरी आईची एक खोली असणारच. मग मी बाथरूमचं दार ढकललं. ते आत गेलं नाही. ते बाहेर उघडत होतं.

उंबरा नव्हता. डाव्या हाताला मोठं बटण. मी ते दाबलं आणि माझं बाथरूम माझ्यासमोर उजळलं. टाइल्सचा रंग तेवढा वेगळा, फिकट निळा. बाकी कोनाडा त्याच उंचीवर, हँडल तिथंच, टॉवेलची दांडी तिथंच. आणि डाव्या भिंतीच्या मधोमध, नऊ इंच बाहेर आलेला खांब.

या घराला तिथं खांबाची काही गरज नव्हती. बाहेरून येताना मी बघितलं होतं, घराचे खांब कोपऱ्यांत होते. मी बोटाच्या पेरानं तो वाजवून बघितला. आतून पोकळ आवाज आला. तीन इंची विटांचा उभा खोका होता तो, वर छताला कसाबसा टेकवलेला. माझ्या घरातली अडचण त्यांनी विटा आणून मुद्दाम बांधून घेतली होती, कारण आक्काला तिथं टेकायला आवडतं.

मी कमोडवर बसले आणि बराच वेळ बसून राहिले. बाहेर कुणीतरी दार वाजवून गेलं. उठताना मला कसल्याही आधाराची गरज नव्हती, तरी माझा हात खांबावर गेला. माझ्या हाताला तो थोडा लांब वाटला. तो माझ्या मापाचा नव्हताच.

बाहेर आले तर खोलीत भाचा चार-पाच पाहुण्यांना घर दाखवत उभा होता. मला बघून त्याचा चेहरा फुलला. "ही बघा, हीच आमची मावशी! हे बाथरूम हिनं डिझाइन केलंय. इंचन् इंच. इथला इंजिनिअर म्हणाला, असा नकाशा मी बघितला नाही." एका बाईंनी आत डोकावून "किती बारीक विचार केलाय हो" असं म्हटलं. दुसऱ्या एकांनी माझा फोन नंबर मागितला, त्यांच्या वडिलांसाठी असंच करायचं होतं. मी हसले. हो हो म्हणाले. नंबरही दिला. दुसरं काय करणार होते मी, लोकांसमोर?

पूजा आटोपल्यावर आक्का काठी टेकत खोलीत आली. बाहेर पंगतीची घाई चालली होती. मी दार लोटून घेतलं आणि तिच्यासमोर उभी राहिले. आक्काशी बोलताना माझी जीभ आपोआप गावाकडं वळते.

"कवा ठरलं?"

काय, असं तिनं विचारलं नाही. खाटेवर बसली. "ज्येष्ठात," म्हणाली. "सून आपनहून म्हनली, आई, नव्या घरात तुमी आमच्यातच ऱ्हावा. मला वाटलं न्हवतं ती म्हनंल. नातवानं बी गळ्यात हात टाकलं."

"ज्येष्ठात. आन् आषाढात तू माझ्याकडं आलीस."

"व्हय."

"खांबाला टेकून उभी राहिलीस. मी खुणा केल्या. तवा तुला ठावं होतं."

तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "सांगायलाच आल्ते गं. पन तू इतकी नादात हुतीस. सगळं जिमिनीवर आखून ठेवल्यालं. ती परात टांगल्याली. मला मोडवंना."

"मोडवंना म्हणून बांधू दिलंस? भिंती फोडल्या मी, आक्का."

"पोरगं म्हनलं, मावशीचा नकाशा पुरा हू दे. तिच्यागत मापं हितं कुनाला जमायची न्हाईत. मग सांगू." तिनं हे कौतुकानं सांगितलं. खरंच कौतुकानं. "मग तुझं काम सुरू झालं. मग फरश्या बसल्या. रोज वाटायचं आज सांगते, उद्या सांगते. तुझा आवाज ऐकला की सांगवायचं न्हाई."

मी विचारलं, "आणि सून न्हाई म्हणाली असती तर? उद्या पटलं नाही तर?"

"तर तुझ्याकडं येनारच की!" ती चटकन म्हणाली. माझा हात धरला. "तुझं दार मला कवाबी उघडं हाय, ह्ये काय मला ठावं न्हाई?"

माझी समजूत काढण्यासाठीच ती हे म्हणाली. तिच्या मनात त्यात काही वावगं नव्हतं. पण मला त्याच वाक्यानं खरं काय ते कळलं. ती माझ्याकडं येणार होती ते दुसरीकडं जागा झाली नाही तर. मी अडीअडचणीची सोय होते. ती सोय नीट तयार राहावी म्हणून तिनं आषाढात येऊन मापंही दिली होती, आणि तीच मापं लेकाच्या घरी पोचवली होती. माझ्या डोक्याला तेल लावताना, रिक्षात डोळे पुसताना, तिला सगळं माहीत होतं. त्या तेलाचा मला राग आला. नकाशाचा इतका आला नाही.

मी हात सोडवून घेतला. "जेवायला चल, लोक खोळंबलेत," म्हणाले. वास्तूच्या घरातून उपाशी उठू नये म्हणून मी पंगतीला बसले. दोन पुऱ्या, चमचाभर खीर. भाच्यानं आग्रह करून जिलबी वाढली. त्याला काहीच कळलेलं नव्हतं. आईनं मावशीला केव्हाच सांगितलं असेल असं तो धरून चालला होता, की त्यात मला लागण्यासारखं काही आहे असंच त्याला वाटलं नव्हतं, ते मी अजून विचारलेलं नाही. निघताना सुनेनं हळदीकुंकू लावलं. आक्का दारापर्यंत आली. मी वाकून नमस्कार केला, कारण न करता आले असते तर चारचौघांत दिसलं असतं.

घरी आल्यावर मी ते बाथरूम पुन्हा अडगळीची खोली करून टाकलं. रंगकामाची घोडी आणून ठेवली, रद्दी ठेवली, मोडका पंखा ठेवला. आक्काचे फोन यायचे. मी उचलायचे नाही, आणि उचलले तर "हो, बरी आहे" एवढंच. शेजारणीला वाटलं बहीण आजारी आहे. मी खुलासा केला नाही. पंधरा दिवसांनी ऑफिसातली एक मैत्रीण राहायला आली, तिचेही गुडघे गेलेले. तिनं हॉलमधून दार उघडून बघितलं आणि म्हणाली, "अगं, एवढं चांगलं बाथरूम आणि त्यात रद्दी?" आम्ही दोघींनी मिळून रद्दी बाहेर काढली. त्या बाथरूमची पहिली अंघोळ तिनं केली.

माघात एकदा आक्काचा फोन आला. सवयीनं मी तोडणार होते, पण ती घाईनं म्हणाली, "अगं, पानी साठतंय. अंगूळ झाली की खांबाच्या कोपऱ्यात थारोळं ऱ्हातं. काय करावं?"

मला जागच्या जागी कळलं काय झालंय ते. माझ्या घरी ढाळ आतल्या खिडकीकडं आहे. त्यांच्याकडं पाणी बाहेर जायची जाळी दाराच्या बाजूला होती, ती मी वास्तुशांतीच्या दिवशी बघितली होती. नकाशा त्यांनी जसाच्या तसा घेतला, ढाळ तेवढा उलटा केला. त्यामुळं अंघोळीचं सगळं पाणी खांबाला अडून, वळसा घालून यायचं आणि त्याच्या आडोशाला थांबायचं. बरोबर तिथं, जिथं कमोडवरून उठताना तिचा डावा पाय पडतो.

"बघते," मी म्हणाले. "विचार करून सांगते."

विचार करण्यासारखं काही नव्हतं. तरी मी आठ दिवस सांगितलं नाही. हे मी कुणाला बोललेले नाही, म्हणून इथं लिहिते. आठ दिवस रोज सकाळी, तिच्या अंघोळीच्या वेळी, मी घड्याळाकडं बघायचे. पडावी असं मला वाटत नव्हतं, हे मी देवाशपथ सांगेन. पण तिला थोडं भ्यायला लागावं, भिंत धरून चालावं लागावं, आणि तेव्हा माझी आठवण यावी, असं वाटत होतं. तिनं मला पाच महिने सांगितलं नव्हतं, मी तिला आठ दिवस. मी मनात हा हिशेब करत होते आणि तो करताना मला कमीपणा वाटत नव्हता, उलट बरं वाटत होतं. नवव्या दिवशी सकाळी पोहे करताना फोन वाजला. स्क्रीनवर भाच्याचं नाव होतं. माझ्या हातातून झारा पडला. मी गॅस बंद केला आणि फोन उचलला.

त्याला फक्त माझ्या बँकेचा काहीतरी फॉर्म पाहिजे होता, माझ्या खात्यांना वारसदार म्हणून त्याचं नाव लावायचं मी निवृत्त झाल्यावरच ठरवलं होतं, त्यासाठी. मी त्याला पुढं बोलूच दिलं नाही.

"आधी सांग, आई कुठं आहे?"

"अंघोळीला गेलीय. का गं?"

"तिला बाहेर काढ. आत्ता. आणि ऐक, तो खांब पाडून टाक."

"खांब? मावशी, आईला तर..."

"तो खोटा आहे रं. त्याच्यावर काही उभं नाही. तो पाणी अडवतोय. तो काढ, त्या जागी जमिनीपासून वर उभा स्टीलचा दांडा बसव, भिंतीला पक्का. आणि खालची फरशी उचकटून ढाळ सरळ दाराकडच्या जाळीला दे. होईपर्यंत तिला तिथं अंघोळ करू देऊ नकोस."

तो लिहून घेत होता. मी मापं सांगितली. सगळी पाठच होती. शेवटी तो म्हणाला, "मावशी, हे तू आधी का नाही सांगितलंस? आईनं तुला गेल्या आठवड्यात विचारलं होतं ना?"

"राहून गेलं," मी म्हणाले.

चार दिवसांत काम झालं. त्यानं दांड्याचा फोटो पाठवला, मी वरचा स्क्रू अर्धा इंच खाली घ्यायला सांगितला, त्यानं घेतला. संध्याकाळी आक्काचा फोन आला.

"आता कोरडं ऱ्हातंय बग. तांब्या ओतून बगितला. दांडा बी चांगला हाय, पन खांबाची मज्जा न्हाई त्याला."

"बरं झालं," मी म्हणाले.

"तू कवा येतीस? उन्हाळ्यात ये की. चार दिस ऱ्हा."

"बघू," मी म्हणाले. मग तिनं विचारलं, पाणी भरपूर पितेस ना, इकडं आत्तापासून ऊन लागायला लागलंय. मी हो म्हणाले. तिला तेच विचारावं असं माझ्या जिभेवर आलं होतं. विचारलं नाही, गॅसवर दूध आहे म्हणून सांगितलं आणि फोन ठेवला.